नवव्या महिन्याचा रकाना

आमच्या कन्येच्या लसीकरणाच्या कार्डावर नवव्या महिन्याच्या ओळीत दोन तारखा आहेत. पहिली पेन्सिलीने लिहिलेली, ऑक्टोबर २०२२ मधली. ती लस देण्याची अपेक्षित तारीख. दुसरी निळ्या शाईची, जानेवारी २०२३ मधली. ती लस प्रत्यक्ष दिल्याची. दोहोंमध्ये सुमारे तीन महिन्यांचे अंतर आहे. कार्ड पाहणाऱ्या तिऱ्हाइताला त्यात विशेष काही दिसणार नाही. पुष्कळ मुलांच्या कार्डांवर अशी अंतरे असतात. ह्या अंतरात जे घडले ते लिहावे की लिहू नये, असा खल आम्ही उभयतांनी बरेच दिवस केला. लिहिल्याने काही हलके होईल अशी आमची समजूत नाही. पण आमच्यापैकी एकीचा व्यवसाय मराठी शिकवण्याचा आणि दुसऱ्याचा पुस्तकांची मुद्रिते तपासण्याचा. दुसऱ्यांच्या लेखनातल्या चुकांवर पोट भरणाऱ्यांनी स्वतःची एक चूक कागदावर उतरवून पाहावी, एवढाच ह्यामागचा हेतू.

आमच्या आजीच्या तोंडी 'लस' हा शब्द सहसा येत नसे. ती 'देवी काढल्या' असे म्हणे. रोगाचेही नाव देवी आणि रोगावरच्या उपायाचेही देवीच. रांगोळी काढतात, कशिदा काढतात, तशा त्या काळी मुलांच्या दंडावर देवी काढीत. आजीच्या दंडावर ते दोन गोल वण अखेरपर्यंत होते आणि लहानपणी आम्ही त्यांवरून बोट फिरवीत असू. १९७७ साली भारत देवीमुक्त जाहीर झाला आणि त्यानंतरच्या पिढ्यांचे दंड त्या नक्षीवाचून राहिले. 'लस' हा शब्द त्या मानाने रुक्ष. फोडातून झिरपणारा द्रव हा त्याचा जुना अर्थ, आणि गायीच्या देवीच्या फोडातला द्रव माणसाला टोचण्याची जी मूळ क्रिया, तिची आठवण त्यात शिल्लक आहे. त्याच्याबरोबर क्रियापद येते ते 'टोचणे'. काटा टोचतो, शब्द टोचतात, आणि मनाला लागते ती टोचणी. असो. मराठीच्या वर्गात रमणाऱ्यांना शब्दांच्या मागे जायला निमित्त पुरते.

आम्ही राहतो ते मोशीला, एका उंच इमारतीत बाराव्या मजल्यावर. आमच्या गॅलरीतून नाशिक रस्ता दिसतो आणि रात्री त्यावरून चाकणकडे जाणाऱ्या कंटेनरांची दिव्यांची माळ दिसते. पंचवीसेक वर्षांपूर्वी इथे ज्वारीची आणि कांद्याची वावरे होती. आता एका अंगाला भोसरीची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला इंद्रायणीपलीकडे कुरुळी, निघोजे, महाळुंगे. कारखान्यांच्या भिंती, त्यांना टेकून पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा, आणि त्या रांगांकडे पाठ करून उभ्या असलेल्या आमच्यासारख्यांच्या इमारती. सासरे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये नोकरीला होते. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभा राहिलेला तो कारखाना जुन्या पिंपरीकरांच्या बोलण्यात अजूनही 'पेनिसिलीन फॅक्टरी'च आहे. औषधावर विश्वास ठेवणे हा ह्या घराचा कुलाचार आहे असे म्हटले तरी चालेल. देवघरात टाक आणि कपाटात वर्षानुवर्षांच्या औषधांच्या चिठ्ठ्या, दोन्ही सारख्याच निगुतीने ठेवलेल्या. तेव्हा पुढे जे आले ते अज्ञानातून किंवा अंधश्रद्धेतून आले, अशी सवलत आम्हांला घेता येत नाही.

कन्या जानेवारी २०२२ च्या पहिल्या आठवड्यात झाली. जन्मल्याबरोबर बीसीजी, पोलिओचे थेंब आणि काविळीच्या लशीचा पहिला डोस, सारे यथासांग पार पडले. दीड महिन्याची झाली तेव्हा पहिला निर्णय आमच्यापुढे आला आणि तो आम्ही फारसा विचार न करता घेतला. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांची लस दोन प्रकारची मिळते. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या लशीत डांग्या खोकल्याचा संपूर्ण, मारलेला जंतू असतो. तिने ताप येतो, मांडी सुजते, मूल रात्रभर किरकिरते. खाजगी दवाखान्यांत हजारो रुपये मोजून मिळणाऱ्या दुसरीत त्या जंतूचे निवडक अंश असतात आणि तिला बोलीभाषेत 'पेनलेस' म्हणतात. मुलीला दुखू नये असे कोणत्या आईबापांना वाटत नाही? आम्ही पैसे मोजले. ह्या दुसऱ्या लशीचे संरक्षण पहिलीच्या मानाने लवकर ओसरते, हे आम्ही नंतर वाचले. त्या दिवशी आम्ही लस निवडली असे वाटले होते. मागे वळून पाहता आम्ही आमची स्वतःची एक निवांत रात्र विकत घेतली होती. पण हे प्रकरण तेवढ्यावरच निभावले.

नवव्या महिन्याचे तसे झाले नाही.

गोवराची लस आपल्याकडे नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. नऊच का, ह्याला कारण आहे. आईच्या रक्तातली गोवराविरुद्धची प्रतिद्रव्ये गर्भावस्थेत बाळाकडे येतात आणि जन्मानंतर काही महिने त्याला राखतात. पण तीच प्रतिद्रव्ये लशीतल्या दुबळ्या केलेल्या विषाणूलाही नामोहरम करतात. म्हणजे लस लवकर द्यावी तर ती नीट लागत नाही आणि उशिरा द्यावी तर मधल्या काळात मूल उघडे पडते. नवव्या महिन्यात दिली तर शंभरांतल्या साधारण पंच्याऐंशी मुलांना ती लागते, बाराव्या महिन्यानंतर दिली तर नव्वदाच्या वर. जिथे गोवर फिरत नाही त्या देशांना थांबणे परवडते. अमेरिकेत पहिला डोस बारा ते पंधरा महिन्यांच्या दरम्यान देतात. जिथे तो फिरतो तिथे थोडे कमी संरक्षण पत्करून लवकर द्यावी लागते आणि उरलेल्यांसाठी सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा डोस असतो. नऊ हा आकडा म्हणजे प्रत्येक समाजाने आपापल्या परिस्थितीशी केलेली तडजोड आहे.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तारखेप्रमाणे दवाखान्यात गेलो. कन्येला सर्दी होती. डॉक्टर म्हणाल्या, "साधी सर्दी आहे, ताप नाही. देऊन टाकू." आम्ही एकमेकांकडे पाहिले. दिवाळी दहा दिवसांवर आली होती आणि सासरच्या गावी जायचे होते. लशीनंतर आठ-दहा दिवसांनी ताप येऊ शकतो असे वाचले होते. तो नेमका लक्ष्मीपूजनाच्या सुमारास यायचा. शिवाय न्यू जर्सीला असलेल्या मामेभावाने तिकडचे वेळापत्रक पाठवले होते. त्यात पहिला डोस बाराव्या महिन्यानंतर. ते वाचून आम्ही जो तर्क केला तो इथे जसाच्या तसा नोंदवतो, कारण ह्या लेखाचे प्रयोजन तोच आहे. आम्ही असे म्हटले की नवव्या महिन्याची घाई गोरगरिबांच्या मुलांसाठी आहे. दाटीवाटीने राहणाऱ्यांची, कुपोषितांची ती गरज. आपली मुलगी बाराव्या मजल्यावर राहते, अंगावर पिते, तिचे वजन उत्तम आहे; तिला अमेरिकन बाळाप्रमाणे बाराव्या महिन्यात, अधिक चांगली लागेल अशी लस द्यावी.

ह्यात एकही माहिती खोटी नव्हती, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. १९९८ साली 'लॅन्सेट'मध्ये गोवराच्या लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा एक शोधनिबंध आला होता आणि २०१० साली त्या नियतकालिकाने तो मागे घेतला. त्यावर अजून विश्वास ठेवणाऱ्यांना आम्ही हसत असू. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात शाळाशाळांतून गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम निघाली, तेव्हा मोबाइलवर फिरलेल्या अफवा आमच्यापैकी एकीने वर्गात विद्यार्थ्यांना वाचून दाखवल्या होत्या, 'अविश्वासाचे गद्य' म्हणून. आम्ही अफवेला बळी पडलो नाही. आम्ही खरी माहिती दुसऱ्या देशाच्या हवेत वाचली. संहिता बरोबर होती, संदर्भ चुकला. साहित्याच्या परीक्षेत ह्या चुकीला आम्ही सरळ शून्य देतो.

डॉक्टरांनी आग्रह धरला नाही. "मग दिवाळीनंतर लगेच या," एवढेच म्हणाल्या.

दिवाळीनंतर लगेच जाणे झाले नाही. परीक्षांचे पेपर होते, मुद्रितांची घाई होती. आणि खरे सांगायचे तर, एकदा बारा महिने हा आकडा मनात बसल्यावर घाई वाटेनाशी झाली होती.

ह्याच सुमारास मुंबईत गोवंडीला गोवराचा उद्रेक झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. लहान मुले दगावत होती. करोनाच्या दोन वर्षांत नियमित लसीकरणाची जी ओढाताण झाली होती तिचा हा हिशेब होता. मग भिवंडी आणि मालेगावची नावे आली, आणि पुढे आमच्या पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण सापडले. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात केंद्र सरकारने सूचना काढली. उद्रेकाच्या भागांत नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना एक जादा डोस द्यावा, आणि जिथे नऊ महिन्यांखालच्या रुग्णांचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक आहे तिथे सहा महिने पूर्ण झालेल्या बाळांनाही एक डोस द्यावा. हा डोस हिशेबात धरायचा नाही, म्हणून त्याला शून्य मात्रा म्हणायचे. शून्य मात्रा ह्या शब्दाने आमचे लक्ष वेधून घेतले होते. त्याची योजना कशी नेमकी आहे, ह्यावर आम्ही जेवताना बोललो. आमची मुलगी दहा महिन्यांची होती आणि तिची मात्राही शून्यच होती, हे त्या संभाषणात आले नाही.

आले ते दुसऱ्याच कोणाच्या तोंडून. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी मूळच्या परभणी जिल्ह्यातल्या, जिंतूर तालुक्यातल्या. त्यांचा मुलगा चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. सून बाळंतपणाला माहेरी गेली होती आणि सप्टेंबरात चार महिन्यांचे बाळ घेऊन निघोज्याच्या खोलीवर परतली. बाळाचे कार्ड माहेरीच राहिले. इकडच्या आशाताई म्हणाल्या, कार्ड नसले तरी या, मी नवे करून देते. पण लसीकरणाच्या दिवशी सुनेला कुणी सोबत नव्हते आणि मुलाने पाळी बुडवली तर हजेरी जाते. शेवटी कोणीतरी गावाहून कार्डाचा फोटो पाठवला आणि चौदाव्या आठवड्याची लस बाळाला पाचव्या महिन्यात मिळाली. एवढी यातायात करून त्यांनी ती घेतली. नोव्हेंबरात एके दिवशी पोळ्या लाटता लाटता मावशी म्हणाल्या, "ताई, टीव्हीवर गोवरीचं दाखवायलेत. आमच्या लेकराला देत न्हाईत म्हणं नऊ म्हैने झाल्याबिगर. तुमच्या ओळखीनं कुठं मिळंल का आधी? पैसे देऊ." मग कन्येकडे पाहून म्हणाल्या, "हिला झाली आसंल की."

आम्ही काय उत्तर दिले ते आम्हां दोघांनाही नीट आठवते. आम्ही म्हणालो, "होईल आता."

मावशींना जी लस पैसे देऊनही मिळत नव्हती ती आमच्यासाठी दीड महिना दवाखान्याच्या फ्रिजमध्ये पडून होती. हे वाक्य आज लिहायला सोपे जाते. त्या दिवशी आम्ही विषय बदलला.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी सून बाळाला घेऊन मावशींना न्यायला आमच्याकडे आली. थंडी होती. तिला चहा दिला. तिचे बाळ आणि आमची कन्या सतरंजीवर एकमेकांसमोर बसली होती. बाळाला नीट बसता येत नव्हते म्हणून त्याच्या मागे उशी लावली होती. कन्येने आपल्या तोंडातला लाकडी खुळखुळा त्याच्या हातात दिला. तिला दोन दिवसांपासून पुन्हा सर्दी होती, डोळे पाणावलेले होते. आम्ही म्हटले, हवा बदलली.

तिसऱ्या दिवशी ताप एकशेतीनवर गेला. मग कानांमागून पुरळ उठला, कपाळावर आला, छातीवर उतरला. सासूबाईंनी एकदाच पाहिले आणि म्हणाल्या, "गोवर आहे." प्रयोगशाळेने तेच पुढे चार दिवसांनी सांगितले. सासूबाईंनी कडुलिंबाचा पाला आणवून पाळण्याला बांधला आणि त्या दिवसापासून घरात फोडणी घालणे बंद केले. 'बाई' घरात असताना तळणे-फोडणी करू नये, हा त्यांच्या आईकडून आलेला नेम. एरवी ह्या गोष्टींवर दोन विनोद करणारे आम्ही आठ दिवस बिनफोडणीचे वरण मुकाट्याने जेवलो. आक्षेप कोणत्या तोंडाने घ्यायचा? ह्या घरात त्या आठवड्यात विज्ञानाची बाजू मांडण्याचा अधिकार आम्ही गमावला होता. डॉक्टरांनी लागोपाठ दोन दिवस अ जीवनसत्त्वाची मात्रा दिली आणि श्वासाकडे लक्ष ठेवायला सांगितले. आम्ही रात्री आळीपाळीने घड्याळ लावून तिचे श्वास मोजले.

त्या रात्रींत वाचनही झाले. वाचन म्हणजे काय, ते जागे राहण्याचे साधन होते. बेंजामिन फ्रँकलिनचा मुलगा फ्रान्सिस १७३६ साली चार वर्षांचा असताना देवीने गेला. फ्रँकलिन स्वतः देवी टोचण्याचा खंबीर पुरस्कर्ता. त्यामुळे मुलगा टोचल्यानेच गेला अशी आवई उठली. त्याला वर्तमानपत्रात खुलासा करावा लागला की मुलाला टोचलेच नव्हते. हगवणीने तो अशक्त झाला होता, बरा झाला की टोचू, असे ठरवले होते. पुढे आत्मचरित्रात त्याने ह्या गोष्टीचा खेद नोंदवला आहे आणि तो इतर आईबापांना उद्देशून आहे. आत्मचरित्राचा पाठ म्हणून हे पुस्तक आमच्यापैकी एकीने कधीकाळी शिकवले होते. तो परिच्छेद मात्र तेव्हा डोळ्यांखालून नुसता गेला होता. बरा झाला की टोचू. सर्दी गेली की टोचू. दोन वाक्यांत पावणेतीनशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे आणि व्याकरण तेच आहे.

रोआल्ड डालची सात वर्षांची मुलगी ऑलिव्हिया १९६२ च्या नोव्हेंबरात गोवरानंतरच्या मेंदूदाहाने गेली. इंग्लंडमध्ये तेव्हा गोवराची लस उपलब्ध नव्हती. 'द बीएफजी' हे पुस्तक तिला अर्पण केलेले आहे, आणि वीसेक वर्षांनंतर डालने आईबापांना लस देण्याविषयी विनवणारे एक पत्रकही लिहिले. डालला निर्णय घ्यायचाच नव्हता, त्याच्यासमोर पर्यायच नव्हता. फ्रँकलिनजवळ होता आणि आमच्याजवळ होता. दुःखांची तुलना करू नये म्हणतात. पण त्या रात्री आम्ही ती केली आणि डालचा हेवा वाटला, हेही लिहून ठेवतो.

मुलगी सहाव्या दिवसापासून उतरणीला लागली. तिच्या अंगावरचे डाग तपकिरी होऊन त्यांची सालपटे निघू लागली आणि एका सकाळी ती भूक लागली म्हणून रडली. सासूबाईंनी त्या दुपारी कढीला फोडणी घातली. तो तडतडाट ऐकून आमच्यापैकी एकाला स्वयंपाकघराच्या दारातच बसावे लागले.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मावशी कामाला आल्या नाहीत. फोनवर म्हणाल्या, लेकराला ताप आहे. मग पुरळ, मग खोकला, मग छाती भरली. बाळाला सरकारी रुग्णालयात ठेवले. नऊ दिवस ते तिथे होते, त्यांतले चार ऑक्सिजनवर. मुलाची हजेरी बुडाली ती बुडालीच. आम्ही भेटायला गेलो. सून खाटेवर पाय जवळ घेऊन बसली होती आणि मावशी खाली जमिनीवर. आम्ही काही म्हणण्याआधी मावशीच म्हणाल्या, "तुमच्याकडं बी आली हुती ना बाई. औंदा लईच फिरायलीय."

बाळाला संसर्ग आमच्या सतरंजीवर झाला की निघोज्याच्या चाळीत, हे आम्हांला कळण्याचा मार्ग नाही. चाळीत त्याच आठवड्यात आणखी दोन मुलांना ताप होता. गोवराचा रुग्ण पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून संसर्ग देतो, तो खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहतो, आणि संसर्गापासून ताप येईपर्यंत साधारण दहा दिवस लागतात. आम्ही कॅलेंडर पुढे घेऊन बसलो होतो. दिवस जुळत होते. ते चाळीतल्या मुलांच्या बाबतीतही जुळत असणार. आणि आमच्या मुलीला तो कुठून आला? नोव्हेंबरच्या मध्यास मुंबईत एका साखरपुड्याला गेलो होतो, तिथून बहुधा. ऑक्टोबरात लस दिली असती तर? शंभरांतल्या पंच्याऐंशींना लागते म्हणजे पंधरांना लागत नाही. ती त्या पंधरांत असू शकली असती. हे पंधरा आम्हांला फार उपयोगी पडले. कित्येक रात्री आम्ही त्यांच्यातच दडून बसलो आहोत.

मावशींना आम्ही सांगितले का? सांगितले, पण फार उशिरा आणि अर्धवट. बाळ घरी आल्यावर, जानेवारीत. म्हणालो, "हिची लस राहिली होती मावशी, आमच्याकडून राहिली." त्यांनी पोळी उलटली आणि म्हणाल्या, "ऱ्हाती. कामाच्या माणसाचं ऱ्हातंच." त्यांना वाटले आमचीही पाळी बुडत होती. आम्ही तो गैरसमज दूर केला नाही.

डिसेंबर आणि जानेवारीत राज्यात गोवर-रुबेलाच्या विशेष मोहिमेच्या दोन फेऱ्या झाल्या. त्या निमित्ताने आशाताई आमच्या इमारतीत आल्या होत्या, असे आम्हांला नंतर कळले. आल्या म्हणजे फाटकापर्यंत आल्या. सुरक्षारक्षकाने फ्लॅट क्रमांक विचारला. त्यांना कोणत्याच विशिष्ट फ्लॅटमध्ये जायचे नव्हते, सगळ्यांतच जायचे होते. नोंदवहीत तशी सोय नव्हती. त्या परत गेल्या. पलीकडच्या बांधकाम मजुरांच्या वस्तीत मात्र त्यांनी प्रत्येक पत्र्याचे दार वाजवून मुलांची यादी केली होती. लसीकरणाच्या भाषेत 'न पोहोचलेले' असा एक वर्ग असतो. तो म्हणजे वीटभट्ट्या, ऊसतोडीचे अड्डे, स्थलांतरितांचे पाल, असेच आम्ही समजत आलो होतो.

ह्या सगळ्या काळात आम्ही चिंचवडला दोनदा चापेकर वाड्यावरून गेलो. ज्या गावात राहतो त्या गावाचा इतिहास आपल्या अंगाशी आल्याशिवाय दिसत नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग असताना घराघरांत सोल्जर शिरले, माणसे उचलून छावण्यांत आणि रुग्णालयांत नेली गेली, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चिंचवडच्या चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. तो राग लशीवर नव्हता, उंबरठा ओलांडणाऱ्या सत्तेवर होता. पण लशीवरचा संशयही त्या काळात होता आणि तो सर्वस्वी निराधार नव्हता. त्याच वर्षीच्या १० जानेवारीला मुंबईत भायखळ्याला हाफकिनने आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावी तीच लस घेतलेल्यांपैकी एकोणीस जण धनुर्वाताने गेले. एक बाटली दूषित झाली होती. हाफकिनवरचा ठपका निघायला १९०७ साल उजाडले. आणि ज्या १८९७ मध्ये रँड मेला त्याच वर्षीच्या १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना प्लेगनेच गेल्या. यशवंतरावांचा तो दवाखाना हडपसरच्या माळावर होता. आज त्या हडपसरला जगातल्या सर्वांत मोठ्या लसउत्पादकांपैकी एक, १९६६ साली स्थापन झालेली सिरम इन्स्टिट्यूट आहे. गोवराची लस तिथे बनते. आमच्या घरापासून फार तर तीस किलोमीटर.

सत्तेने दार फोडले म्हणून संशय घेणारे लोक एकेकाळी ह्या गावात होते. आमच्या दाराशी सत्ता एका आशाताईच्या रूपाने, हातात वही घेऊन आली, आणि फाटकावरून परतली. आमच्या संशयाला चापेकरांचा वारसा सांगता येत नाही. मुळात तो संशयही नव्हता. आपण ह्या सगळ्यांपैकी नाही, अशी एक सुखद खात्री होती.

जानेवारीत कन्येला लस दिली. गोवर होऊन गेला तरी रुबेलासाठी ती द्यावीच लागते. त्याच दिवशी डॉक्टरांनी निळ्या शाईने तारीख लिहिली. गोवर शरीराची जुनी रोगस्मृती पुसून टाकतो, पूर्वी झालेल्या रोगांविरुद्ध कमावलेली प्रतिद्रव्ये नाहीशी करतो, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले आहे. त्यामुळे ते वर्षभर ती वारंवार आजारी पडली तेव्हा आम्ही प्रत्येक तापाचे मूळ शोधत बसलो. फार क्वचित, वर्षांनंतर, हा विषाणू मेंदूत पुन्हा डोके वर काढतो. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्या मुलांत ती शक्यता अधिक असते. डॉक्टर म्हणाल्या, फारच दुर्मीळ आहे, मनात आणू नका. आम्ही ते दोन मुलांच्या बाबतीत मनात आणतो.

मावशींचा मुलगा पुढच्या वर्षी कामावरून कमी झाला आणि ते सगळे जिंतूरला परतले. जाण्याआधी नातू इमारतीच्या बागेत घसरगुंडीवर खेळून गेला. अंगाने तोळामासा, पण चपळ.

२०२५ च्या जूनमध्ये कन्येला शाळेत घातले. प्रवेशाच्या कागदपत्रांत लसीकरण कार्डाची छायाप्रत मागितली होती. आदल्या रात्री आम्ही ती काढून आणली. पेन्सिलीची तारीख छायाप्रतीत उमटलीच नव्हती; नवव्या महिन्याच्या ओळीत फक्त निळ्या शाईची तारीख काळी होऊन आली होती. दुसऱ्या दिवशी खिडकीपलीकडच्या कारकूनबाईंनी तो कागद उलटसुलट करून पाहिला, जन्मदाखल्याच्या खाली ठेवला आणि टाचणी मारली.